जखमेवर मध: 'शुद्ध' म्हणजे नेमकं काय?

मध जखमेला चांगला हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, सुश्रुतसंहितेत मधाच्या गुणांत संधान, शोधन, रोपण (जोडणं, साफ करणं, भरून आणणं) हे शब्द सलग येतात आणि इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसमध्येही जखमेवर मध आणि चरबी बांधायला सांगितलंय. मग अँटिबायोटिक्स आली आणि हॉस्पिटलमधून मध जवळजवळ गेलाच.

माझ्या मते खरी गोष्ट 1991 ची, आणि ती सोलापूरची. तिथल्या एका सर्जनने वरवर भाजलेल्या 104 पेशंटवर चाचणी केली, 52 जणांना मध आणि 52 जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे बर्न वॉर्डात सर्रास लावतात ते पांढरं क्रीम. सात दिवसांत मधवाल्या 91% जखमा जंतुमुक्त झाल्या, क्रीमवाल्या फक्त 7%. ज्यांनी जवळच्या माणसाचं बर्नचं ड्रेसिंग बघितलंय त्यांना माहितीये, क्रीमचा जुना थर पुसून काढायचा म्हटलं की पेशंट आदल्या रात्रीपासून धास्तावतो. मधाखाली जखम ओलसर राहते, गॉज सहसा अलगद सुटतं.

हे आकडे इतके चांगले कसे, अशी शंका बाहेरून आली. या सर्जनच्या अशा सगळ्या चाचण्या एकाच ठिकाणच्या होत्या आणि ते क्रीमच जखम भरायला उशीर लावतं हे पुढे दिसलं, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण त्यासाठी आख्खं काम बाजूला सारणं मला पटत नाही.

खरा गुंता 'शुद्ध' या शब्दाचा आहे. सोलापूरला वापरलेला मध शुद्ध, प्रक्रिया न केलेला होता. आपण शुद्ध म्हणतो म्हणजे भेसळ नाही, पण सर्जनला हवा असतो निर्जंतुक, आणि पोळ्यातून काढलेल्या अस्सल मधातही क्लॉस्ट्रिडियमचे (धनुर्वातासारखे आजार करणाऱ्या जिवाणूंच्या गटाचे) बीजाणू असू शकतात, जे उघड्या जखमेत नकोतच. मग उकळून घ्या म्हणावं तर तेही नाही, कारण जखमेतल्या पाण्याने मध पातळ झाला की त्यातलं एक एन्झाइम थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं आणि ते एन्झाइम उष्णतेने मरतं. (मध तापवू नये हे आयुर्वेद सांगतो ते खाण्याच्या संदर्भात, कारणही वेगळं, पण पथ्य तेच.) 1996 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं की 25 किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतके गॅमा किरण दिले की बीजाणू मरतात आणि मधाची जंतुनाशक ताकद टिकते. 'मेडिकल ग्रेड' म्हणतात तो मुख्यतः हा असा मध.

इथून पुढे सगळा प्रकाश मनुका मधावर गेला (खायचा मनुका नव्हे, न्यूझीलंडकडच्या मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांचा मध). 2007 ला अमेरिकेत त्याच्या ड्रेसिंगला मंजुरी, 2008 ला जर्मनीत त्यातलं मिथाइलग्लायॉक्सॉल हे जंतुनाशक द्रव्य सापडलं आणि त्याचं प्रमाण सांगणाऱ्या बरणीवरच्या आकड्यांना भाव आला. पण त्याच 2008 ला न्यूझीलंडमध्येच पायाच्या शिरांच्या अल्सरवर 368 जणांची चाचणी झाली, त्यात मनुकाच्या ड्रेसिंगने ठोस फरक पडला नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2015 च्या मोठ्या आढाव्यात मात्र अर्धवट खोलीच्या (त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत न गेलेल्या) भाजलेल्या जखमा मधाने साधारण 4 ते 5 दिवस लवकर भरतात असं निघालं, आणि त्या निष्कर्षाला मोठा आधार महाराष्ट्रातल्याच चाचण्यांचा आहे.

आणि आपल्या बाजारात? 2020 ला 13 ब्रँडचा मध तपासला तर भेसळीच्या सगळ्या चाचण्यांत फक्त 3 पास झाले. लेबलवर 'शुद्ध' लिहिलेली किचनमधली बरणी म्हणूनच जखमेवर ओतायची नाही.