ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती कमी? छे!

"ल्युपस झालाय ना, मग प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घे," हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले. ल्युपस हा आजार म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर केलेला हल्ला; इथे शक्ती कमी पडलेली नसते, तिचा नेम चुकलेला असतो. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचे सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना हाक देणारे प्रथिन, सोडतात. धोका टळला की ते ओसरते. ल्युपसच्या बहुतेक रुग्णांत ही हाकाटी थांबतच नाही. मग बी-पेशी स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे बनवत राहतात आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड भरडली जातात. म्हणूनच २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अनिफ्रोलुमॅब हे औषध इंटरफेरॉनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ती हाक ऐकणारी जागा, अडवते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांमुळे मात्र संसर्ग लवकर होतात. गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच. ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात मात्र टीएनएफ हे दुसरे सायटोकाइन रोखणारी औषधे देतात, आणि गंमत म्हणजे त्याच औषधांनी क्वचित ल्युपससारखी लक्षणे उमटतात.