चेकरिंग (रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरील)

रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर एकमेकींना तिरकस छेदणाऱ्या समांतर खाचा पाडून उठवलेली शंकरपाळ्यांची नक्षी. चार खाचांमध्ये उरणारा प्रत्येक शंकरपाळा टोकदार बारीक पिरॅमिडसारखा असतो. घामाने वा पावसाने ओल्या झालेल्या हातातून मूठ सटकू नये, हा तिचा मूळ उपयोग.

युरोपात पिस्तुलांच्या मुठींवर ही नक्षी अठराव्या शतकात रूढ झालेली दिसते. जुन्या इंग्लिश कामात शंकरपाळ्यांचे माथे बहुधा सपाट ठेवलेले आढळतात. टोकदार प्रकार पुढे सर्रास झाला. १८५१ च्या ॲडम्स रिव्हॉल्व्हरची अक्रोडी मूठ अशीच खाचांची होती. त्या घडणीची रिव्हॉल्व्हर १८५७ च्या उठावात ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे होती.

लाकडासाठी घट्ट रेषांचा अक्रोड पसंत करीत. मऊ लाकडात टोके तुटतात. पृष्ठभाग आधी गुळगुळीत करून दोन मूळ रेघा आखतात. शंकरपाळ्याची लांबी रुंदीच्या तिप्पट हवी असेल, तर या रेघांमधला लहान कोन सुमारे ३७ अंश ठेवावा लागतो. पुढचे काम दोन दातेरी ओळींच्या हत्याराने होते : एक ओळ आधीच्या खाचेतून सरकते, दुसरी तिच्या शेजारी नवी खाच पाडते. इंचाला साधारण १८ ते २४ रेघा असतात. मुठीच्या बाकदार भागावर हात किंचित ढळला, तरी ती चूक पुढच्या प्रत्येक रेघेत उतरते. म्हणून आधी सगळी नक्षी उथळच पाडतात आणि मग एकेरी हत्याराने दोन-तीन फेऱ्यांत टोके येईपर्यंत खोल करतात. कडेची चौकट शेवटी कोरली, की बाहेर गेलेले ओरखडे तिच्यात लपतात. तेल ब्रशने, तेही थोडेच लावतात. जास्त झाल्यास खाचा बुजतात.

हस्तिदंतावरही चेकरिंग केले जाई, मात्र ते मुख्यतः खास मागणीच्या शस्त्रांवर.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काळ्या मुठींना संग्राहक सर्रास ‘गटापर्चा’ म्हणतात. गटापर्चा हा मलाया भागातील झाडांचा चीक असून तो गरम पाण्यात मऊ होतो. मुठींचे द्रव्य बहुतांशी कठीण रबर, म्हणजे एबोनाइट, असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. रबरात भरपूर गंधक मिसळून ते दीर्घकाळ तापवल्यास एबोनाइट तयार होते. नेल्सन गुडइयर याला त्याचे अमेरिकी पेटंट १८५१ मध्ये मिळाले. जुन्या काळ्या मुठी उजेडात तपकिरी पडतात आणि चोळल्यावर गंधकाचा वास येतो. या दोन्ही खुणा एबोनाइटच्या आहेत. या मुठींवर एकही खाच हाताने पाडलेली नसते. नक्षी पोलादी साच्यात उलटी कोरलेली असे आणि उष्णता व दाब यांनी ती रबरावर उठे. त्यामुळे कंपनीचे चिन्ह, गरुड, ढाल असे काहीही चेकरिंगसोबत एकाच दाबात उमटवता आले. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची मूठ आधी गुळगुळीत अक्रोडाची होती. कठीण रबराची मूठ तिच्यावर साधारण १८८२ पासून दिसते.

विसाव्या शतकात कोरलेला अक्रोड पुन्हा मान्य झाला. स्मिथ अँड वेसनच्या मुठींवर स्क्रूभोवती एक मोठा शंकरपाळा कोरा सोडत. सुमारे १९६८ नंतर तो दिसत नाही. या काळात हातकाम आणि यंत्रकाम वेगळे ओळखणे कठीण आहे. रेघांमधील सूक्ष्म असमानता आणि चौकटीबाहेर गेलेले ओरखडे ही हाताची खूण मानली जाते, पण यंत्राने पाडलेल्या खाचाही हाताने साफ करीत, त्यामुळे केवळ या खुणांवरून निर्णय देणे धोक्याचे ठरते. त्यापेक्षा मुठीच्या उजव्या पट्टीची आतली बाजू पाहणे अधिक भरवशाचे : तेथे शस्त्राचा अनुक्रमांक पुष्कळदा पेन्सिलीने लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. तो रिव्हॉल्व्हरच्या धातूच्या सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळला नाही, तर मूठ नंतर बदललेली असण्याचा संभव असतो.