छेत्री, क्यूपीआर आणि पहिल्या सत्तरांची अट

भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्रीने २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स (क्यूपीआर) या क्लबशी तीन वर्षांचा करार केला. क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये होता. क्लबला खेळाडू हवा होता, खेळाडूला क्लब हवा होता; नकार आला तो ब्रिटिश सरकारकडून, वर्क परमिटच्या पायरीवर.

युरोपबाहेरून येणाऱ्या फुटबॉलपटूसाठी तेव्हा दोन मुख्य अटी होत्या. आधीच्या दोन वर्षांत देशाच्या स्पर्धात्मक सामन्यांपैकी किमान ७५ टक्के सामने तो खेळलेला असावा आणि त्याच काळात फिफा क्रमवारीत देशाचा सरासरी क्रमांक पहिल्या ७० मध्ये असावा. अट हुकली तर अपिलाची सोय होती, पण तिथे खेळाडू असामान्य गुणवत्तेचा असल्याचं पटवून द्यावं लागे. छेत्री भारताकडून नियमित खेळत होता, पण भारतच दीडशेच्या आसपास होता.

हा क्रमांक इतका खाली का, याचं उत्तर त्या वेळच्या गणितात आहे. विजयाचे ३ गुण सामन्याच्या महत्त्वाने गुणले जात: मैत्रीपूर्ण लढतीला १, विश्वचषक पात्रता सामन्याला २.५. त्यावर प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा गुणक. पन्नासाव्या क्रमांकाच्या संघाला हरवलं तर १.५, दीडशेच्या खालच्या संघाला हरवलं तर ०.५. म्हणजे दुबळ्या संघांविरुद्ध मैत्रीपूर्ण सामने कितीही जिंकले तरी क्रमवारीत फारशी हालचाल नाही. मोठ्या गुणकाचे पात्रता सामने भारताच्या वाट्याला दोनच आले. ऑक्टोबर २००७ मध्ये लेबनॉनने त्यांच्या घरी ४-१ असं हरवलं, परतीचा सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर २-२ सुटला आणि २०१० च्या विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाली. २००८ मध्ये दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ नमवून भारताने एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, चॅलेंज कप जिंकला. छेत्रीची हॅट्‌ट्रिक होती. त्यातून २०११ च्या आशियाई चषकाचं तिकीट मिळालं, पण पहिले सत्तर दूरच राहिले.

भारताचाच आघाडीवीर बायचुंग भुतिया याचाही व्हिसा १९९९ मध्ये रखडला होता, पण शेवटी तो ‘बरी’ या इंग्लिश क्लबकडून तिसऱ्या श्रेणीत खेळू शकला.

लंडनचं दार बंद झाल्यावर छेत्री गोव्याच्या धेंपो क्लबकडे होता. मार्च २०१० मध्ये तो अमेरिकेच्या कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला. परवान्याची अडचण तिथे आली नाही, अडचण आली संघात जागा मिळण्याची. यूएस ओपन कपच्या सामन्यात संधी मिळाली, मेजर लीग सॉकर या तिथल्या मुख्य लीगमध्ये एकदाही नाही. त्यातच आशियाई चषकाच्या तयारीसाठी भारताला तो लवकर परत हवा होता. राष्ट्रीय संघाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, क्लब कारकिर्दीच्या दृष्टीने महागात पडलं.

२०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. वाट्याला आला ‘ब’ संघ. हा संघ त्याच मोसमात दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला होता आणि असे संघ मुळात असतात ते अकादमीतली पोरं घडवण्यासाठी. २८ वर्षांच्या आघाडीवीराला तिथे मिनिटं मिळणं कठीणच. लीगचे तीन सामने झाले, तेही तुकड्या-तुकड्याने. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो उसनवारीवर चर्चिल ब्रदर्सकडे, पुन्हा गोव्यात आला आणि त्या मोसमाची आय-लीग, म्हणजे तेव्हाची भारताची अव्वल लीग, चर्चिलनेच जिंकली.