ईपे धनुष्य

ईपे धनुष्य : दक्षिण अमेरिकेतील ईपे (लापाचो, पाउ द’आर्कू) वृक्षांच्या मध्यकाष्ठातून (खोडाच्या आतल्या गडद लाकडातून) अखंड घडवलेले लाकडी धनुष्य. ब्राझीलमधील शिंगू नदीच्या खोऱ्यातील तुपी भाषाकुळातल्या लोकांत, विशेषतः आरावेते लोकांत, ही परंपरा चांगली नोंदलेली आहे. पाउ द’आर्कू या पोर्तुगीज नावाचा अर्थच धनुष्याचे लाकूड असा होतो. खंडातील सर्वच धनुष्ये मात्र ईपेची नसतात. बोलिव्हियाच्या सखल भागात चोंता ताडाचे, तर गियाना प्रदेशात सर्पकाष्ठाचे धनुष्य अधिक आढळते.

वृक्ष व वर्गीकरण : ईपे हे एका जातीचे नाव नसून बिग्नोनिएसी (टेटू) कुलातील अनेक जातींचे व्यापारी नाव आहे. त्यांच्या वर्गीकरणाबाबत दीर्घकाळ मतभेद होते. जुन्या ग्रंथांत आणि संग्रहालयांच्या नोंदपत्रांत या सर्व जाती टॅबेबुया प्रजातीत आढळतात. 1970 मध्ये मातोस यांनी त्यांतील कठीण लाकडाच्या जाती वेगळ्या काढून हँड्रोॲन्थस ही प्रजाती सुचवली. बिग्नोनिएसी कुलाचे मोठे अभ्यासक ॲल्विन जेंट्री यांनी ती न स्वीकारता व्यापक टॅबेबुया कायम ठेवली. 2007 मध्ये ग्रोस व ओल्मस्टेड यांनी डीएनएच्या आधारे हँड्रोॲन्थसचे पुनरुज्जीवन केले. धनुष्यकाराच्या दृष्टीने ही विभागणी अधिक उपयुक्त आहे, कारण लापाचॉल हे द्रव्य असलेले, जड, गडद मध्यकाष्ठ हे हँड्रोॲन्थसचेच लक्षण ठरते. उरलेल्या टॅबेबुयाचे लाकूड हलके व फिकट असते. धनुष्यासाठी हँड्रोॲन्थस सेरॅटिफोलियस (पिवळ्या फुलांचा) आणि हँड्रोॲन्थस इम्पेटिजिनोसस (जांभळ्या फुलांचा) या जाती महत्त्वाच्या आहेत.

प्राचीनता : उष्ण, दमट अरण्यात लाकूड टिकत नाही. त्यामुळे ईपे धनुष्याचा काळ ठरवताना लेखी वर्णनांवर भिस्त ठेवावी लागते. झां द लेरी हा फ्रेंच प्रवासी 1557–58 मध्ये ब्राझीलमधील ग्वानाबारा उपसागराच्या (आजच्या रिओ द जनेरोजवळच्या) परिसरात होता. 1578 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात तेथील तुपिनांबा लोकांची धनुष्ये काळ्या व तांबड्या लाकडाची असल्याचे म्हटले आहे. काळे लाकूड काटेरी ताडाचे असावे, कारण अशा ताडाचे वर्णन तो स्वतःच करतो. तांबडे लाकूड म्हणजे ईपे, असे म्हणणे मोहक असले तरी रंगाशी जुळत नाही. ईपेचे ताजे मध्यकाष्ठ पिवळट हिरवे-तपकिरी असते आणि पुढे काळपट होत जाते. तांबडेपणा ब्राझीलवुड या लाल लाकडाच्या वृक्षाला अधिक शोभतो. म्हणून लेरीच्या आधारे ईपे धनुष्य सोळाव्या शतकात नेण्यापेक्षा लाकडाच्या पोर्तुगीज नावाची साक्ष अधिक भरवशाची मानावी. शिंगूच्या उगमाकडील प्रदेशात कामायुरा लोक धनुष्य घडवण्यात वाकबगार मानले जातात. तेथील गावागावांतल्या देवघेवीत वाउरांची मातीची भांडी आणि कालापालोंचे शंखांचे हार यांच्याबरोबर कामायुरांची गडद लाकडाची धनुष्ये फिरतात.

लाकडाचे गुण : वाळलेल्या ईपेची घनता दर घन सेंमी.ला सुमारे 0.95 ते 1.1 ग्रॅम असते, म्हणजे ते पाण्यात बहुधा बुडते. स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचे माप) 20–22 गिगापास्कल, म्हणजे सागाच्या पावणेदोन पटींच्या आसपास. अशा ताठ लाकडाचे धनुष्य अरुंद व पातळ ठेवता येते आणि ठेवावेच लागते. रुंद ठेवले तर टोके जड होतात, दोरी सोडल्यावर भुजांनाच (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांना) हलवण्यात ताकद खर्ची पडते आणि मुठीला धक्का बसतो.

केवळ कठीणपणावर मात्र धनुष्य टिकत नाही. तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड हवेत. ईपेत हीच खरी अडचण आहे. त्याचे तंतू थराथराने उलटसुलट तिरके जातात आणि वार्षिक वलये स्पष्ट नसतात. त्यामुळे एकच वलय पाठीवर (लक्ष्याकडच्या बाजूवर) अखंड राखण्याची, यू किंवा ओसेज या झाडांच्या धनुष्याची पद्धत येथे चालत नाही. फळीवरची शोभेची रेघ फसवी असते. वाहिन्यांच्या (लाकडातील रसनलिकांच्या) बारीक चिरा पाहाव्यात, किंवा रंधलेल्या पृष्ठभागावर पातळ शाईचा थेंब सोडावा. तो तंतूंच्या दिशेनेच लांबट पसरतो. ही दिशा कडेशी 20 सेंमी.त 1 सेंमी.पेक्षा जास्त सरकत असेल, तर ती फळी धनुष्यासाठी घेऊ नये. ओंडका मिळत असेल तर करवतीने कापण्यापेक्षा पाचरी ठोकून फोडणे चांगले. फूट तंतूंच्याच मागाने जाते आणि लाकडाचा पीळ लगेच दिसतो.

ओळख पटवण्यासाठी लापाचॉल उपयोगी पडते. कानस मारताना हिरवट पिवळी भुकटी पडते. त्या भुकटीवर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकले की ती गडद लाल होते. घामेजल्या हातांवरचा पिवळा डागही साबण लावताच लालसर होतो. ईपे म्हणून विकल्या जाणाऱ्या कुमारू या दुसऱ्या लाकडाची भुकटी असा रंग देत नाही. भुकटीने त्वचेला खाज सुटते व श्वासाला त्रास होतो, म्हणून मुखपट्टी आवश्यक.

घडण : फोडलेल्या तुकड्याच्या टोकांना लगेच मेण किंवा रंग लावून तो सावलीत सुकवतात. टोके उघडी राहिली तर तीच आधी सुकून चिरतात. 5 सेंमी. जाडीच्या तुकड्याला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आर्द्रता 8–10 टक्के असावी. ओलसर लाकूड वाकवले तर तुटत नाही, पण कायमचे वाकून बसते. फिकट रसकाष्ठ (सालीलगतचे लाकूड) काढून टाकतात.

दोरी 71 सेंमी. (28 इंच) ओढायची असेल तर धनुष्याची लांबी 170–175 सेंमी. धरावी. सुमारे 20 किग्रॅ. ओढवजनाच्या (पूर्ण ओढताना लागणाऱ्या जोराच्या) धनुष्याची रुंदी मुठीपाशी 30–32 मिमी. आणि जाडी 14–16 मिमी. ठेवतात. भुजेच्या मध्यापासून रुंदी कमी करत टोकाशी 11–12 मिमी.वर आणतात, जाडी 9–10 मिमी.वर. सुरुवातीला जाडी 3–4 मिमी. जास्तच ठेवावी. पाठ एकदा ठरली की तिला पुन्हा हत्यार लावायचे नाही; फक्त कडा गोल करायच्या. पुढची सारी छिलाई पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूने होते. रंध्याचे पाते उलट्या तंतूत शिरून खपली उचकटते, म्हणून खरखरीत कानस व खरवडणीनेच काम करावे.

लोखंड येण्यापूर्वी ॲमेझॉन खोऱ्यात मुठीत बसवलेला अगूटीचा (कुरतडणाऱ्या एका प्राण्याचा) पुढचा दात छिन्नीसारखा आणि पेकरीचा (रानडुकरासारख्या प्राण्याचा) दातांसकट जबडा रंध्यासारखा वापरत. शेवटची घासणी सेक्रोपिया या झाडाच्या खरखरीत पानांनी होई. आपल्याकडच्या खरवतीच्या पानासारखेच ते पान काम करते.

वाक जुळवणे हा घडणीचा गाभा होय. मूठ आधारावर टेकवून, लांब दोरीने धनुष्य थोडे थोडे ओढून दोन्ही भुजा निरखतात. जेथे भुजा ताठ दिसते तेथेच खरवडायचे, जेथे जास्त वाकते तेथे हात लावायचा नाही. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी 10 टक्क्यांनी घटली की ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो. रुंदी तेवढीच घटली तर फक्त 10 टक्क्यांनी. म्हणून शेवटच्या टप्प्यात ओढवजन कडांवरून उतरवणे सुरक्षित ठरते. प्रत्येक खरवडणीनंतर धनुष्य वीस-तीस वेळा हलके ओढावे, म्हणजे बदल दिसू लागतो. इच्छित ओढवजनापेक्षा अधिक जोर कधीही लावू नये आणि ओढून धरून ठेवू नये. दोन्ही टोके 12–15 सेंमी. सारखी वाकू लागली की आखूड दोरी चढवावी. मूठ व दोरी यांत 15–16 सेंमी. अंतर राहावे.

दोष : पाठीवर तंतू बाहेर निघत असतील तर धनुष्य इशारा न देता फुटते आणि लांब टोकदार कपचे उडतात. पोटावर नखाने ओरखडल्यासारख्या आडव्या बारीक रेषा दिसल्या, तर तेथे तंतू दाबाने चुरडले आहेत. ती जागा कमजोर आहे. वाक दोन्ही बाजूंना पसरवल्याशिवाय धनुष्य वापरू नये. उलटसुलट तंतूंमुळे भुजेला पीळ पडून दोरी एका कडेकडे सरकते. पीळ थोडा असेल तर तेल लावून कोरड्या आचेवर तापवून, उलट पिळून, तसाच धरून थंड करतात.

बाजारात मिळणाऱ्या फळ्यांचे तंतू क्वचितच निर्दोष असतात, म्हणून आधुनिक धनुष्यकार पाठीला बांबूची पट्टी चिकटवतात. तिची जाडी मध्यभागी 3–4 मिमी. आणि कडेला 1–1.5 मिमी. असते. ईपेतील तेलकट द्रव्ये सरसाला धरू देत नाहीत. पृष्ठभाग 60 नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीत करून, ॲसिटोनने पुसून, लगेच इपॉक्सी लावावे.

दोरी : कुराउआ या अननसवर्गीय वनस्पतीचे किंवा तुकूम ताडाचे तंतू मांडीवर वळून दोरी करतात.

उपलब्धता : हँड्रोॲन्थस, टॅबेबुया व रोझिओडेंड्रॉन या प्रजातींचा सायटीस (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश करण्याचा निर्णय 2022 मध्ये पनामा येथे झाला. तो 25 नोव्हेंबर 2024 पासून लागू आहे. आता ओंडके, कापीव लाकूड व प्लायवूड यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. मुंबईत विक्रोळीजवळ द्रुतगती महामार्गाकडेला फुलणारी गुलाबी बसंत राणी ही टॅबेबुया रोझिया होय. तिचे लाकूड ईपेच्या निम्म्याच्या आसपास घनतेचे असून या मापांनी त्याचे धनुष्य करू नये. सह्याद्रीतील धामण (ग्रेविया टिलिफोलिया) हे धनुष्यासाठी आणि हत्यारांच्या दांड्यांसाठी वापरले गेलेले लवचिक लाकूड आहे. ते ईपेपेक्षा हलके असल्याने भुजा अधिक रुंद ठेवाव्या लागतात.