फेंटानिलला नुसता हात लागला तर माणूस मरतो का?

नाही. फेंटानिल हे अफूच्या जातीचं फार तीव्र वेदनाशामक औषध आहे आणि नशेसाठीही ते चोरून विकलं जातं. 2017 साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका पोलिसाने गणवेशावरची फेंटानिलची पूड हाताने झटकली आणि तो कोसळला, ही बातमी जगभर फिरली आणि हा समज पक्का झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांच्या दोन संघटनांनी तो खोडून काढला. कॅन्सरच्या वेदनांवर फेंटानिलच्या पट्ट्या लावतात, त्या मुद्दाम कातडीतून औषध जावं म्हणूनच बनवलेल्या असतात. दोन्ही तळहात या पट्ट्यांनी झाकले तरी 100 मायक्रोग्रॅम (म्हणजे 0.1 मिलिग्रॅम) अंगात जायला सुमारे 14 मिनिटं लागतील. सुकी पूड तर फारच कमी शिरते. हात पाण्याने धुतले की झालं.

जीव जातो तो हे पोटात, नाकात किंवा शिरेत गेल्यावर. 2 मिलिग्रॅमही पुरतात आणि बनावट गोळीत फेंटानिल किती मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही.

मला राग याचा येतो की या अफवेपायी लोक मदतीला कचरतात. श्वास मंदावलेला, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर बेधडक पुढे व्हा. रुग्णवाहिका बोलवा, नॅलोक्सोनचा (फेंटानिलवरच्या उताऱ्याचा) स्प्रे असेल तर नाकात मारा, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या. स्प्रेचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडू नका.