फाटा (गावाकडे वळणारा रस्ता)

मोठ्या रस्त्यावरून गावाकडे जिथे वळायचं ती जागा म्हणजे फाटा, आणि तिथे टपऱ्या, हॉटेलं, पंक्चरची दुकानं जमून जी वस्ती होते तिलाही फाटाच म्हणतात. थेऊर फाटा, कार्ला फाटा ही ओळखीची उदाहरणं. कोकणात तिठा (हातखंबा तिठा), चार वाटा फुटत असतील तर चौफुला, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं चौफुला तर आता ठिकाणाचंच नाव होऊन बसलंय.

शब्द कुठून आला यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे फाटकावरून, रेल्वे फाटकाजवळ रस्ता फुटायचा म्हणून फाटा. पण रेल्वेचा संबंध नाही अशा भागातही फाटे आहेतच, शिवाय झाडाची फांदी, नदीची किंवा डोंगराची शाखा यालाही फाटा म्हणतात, जुन्या लिखाणात फांटा असं अनुस्वाराचं रूपही दिसतं. 'फाटे फोडणे' हा वाक्प्रचारही याच अर्थाचा, मूळ सोडून फांद्यांकडे जाणं. त्यामुळे फाटणे, म्हणजे दुभंगणे, यावरूनची व्युत्पत्तीच जास्त पटते.

वाटा फुटतात त्या जागा बैलगाडीच्या काळापासून असणारच, पण बसची वाट बघायची जागा म्हणून फाट्याला महत्त्व आलं ते बहुधा एसटी सुरू झाल्यानंतर. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याआधी १९४३ च्या नागपूर योजनेत, म्हणजे देशभरच्या रस्त्यांच्या आराखड्यात, असं ठरलं होतं की विकसित शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नसावं. म्हणजे ८ किलोमीटर चालणं तेव्हा चालण्यासारखं धरलं होतं!

गाव रस्त्याला जोडलेलं आहे की नाही हे कसं मोजतात ते नीट बघायला हवं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३,६६५ गावं होती, त्यातली ४०,९५९ वस्तीची, आणि गाव म्हणजे महसुली गाव, त्यात वाड्या, पाडे, तांडे सगळे एकाच आकड्यात. गावात बस येत नसेल तर जवळची बस किती लांब हे तीन गटांत लिहिलं, ५ किमीच्या आत, ५ ते १० आणि १० च्या वर. आता फाटा अर्ध्या किलोमीटरवर असो की साडेचार, गट एकच, पण डोक्यावर भाजीचं गाठोडं घेऊन चालणाऱ्या बाईला हा फरक सांगावा लागत नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत (सुरुवात २५ डिसेंबर २०००) मात्र हिशोब गावाचा नाही, वस्तीचा. सपाटीवर ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्या हवी, आणि बारमाही रस्ता सपाटीवर ५०० मीटरच्या आत असेल तर ती वस्ती जोडलेलीच धरतात. हे मोजमाप जनगणनेपेक्षा जास्त प्रामाणिक आहे, तरी २४० माणसांचा पाडा त्यातूनही सुटू शकतो.

फाट्यावरची लोकसंख्या हा अजून एक गुंता, कारण फाटा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो त्याच गावाच्या शिवारात असेलच असं नाही. थेऊर फाटा कुंजीरवाडीत येतो. मग तिथली घरं कुंजीरवाडीत मोजायची, थेऊरमध्ये नाही.

फाट्यावर साधी गाडी थांबते, बरेच ठिकाणी विनंती थांबा असतो, जलद गाडी निघून जाते. पुढे वडाप (माणसं भरून नेणारी खाजगी जीप), सहा आसनी रिक्षा नाहीतर कुणाची तरी मोटारसायकल. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पण ते फाट्यापर्यंतच, वडापवाला पूर्ण भाडं घेतो. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी गेलं की वडापही बंद, आणि शाळेच्या पोरी फाट्यावरच अडकतात.

शहर वाढलं की फाटा त्याच्या पोटात जातो, पुण्यातला पौड फाटा तसाच, आता तिथून पौडला जायला वळणारे थोडेच, नाव मात्र टिकून आहे.