सात रेघा आणि एक शंकरपाळं

‘नर्सला कशाला हवं संख्याशास्त्र? डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन द्यायचं!’ एम.एस्सी. नर्सिंगला संशोधनाचा पेपर असतो म्हटलं की कोणीतरी हे म्हणतंच. पुराव्यावर आधारित शुश्रूषा शिकवायची असेल, तर मी व्याख्या बाजूला ठेवून फळ्यावर कॉक्रेन या उपचारांच्या चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेचं बोधचिन्ह काढीन.

मधोमध उभी रेघ, तिच्या आसपास सात आडव्या रेघा, खाली शंकरपाळं. दिवस भरण्याआधीच बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइड दिलं तर बाळ वाचतं का, हे तपासणाऱ्या या सात चाचण्या. उभी रेघ म्हणजे स्टेरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत ‘फरक नाही’, तिच्या डावीकडे फायदा. शंकरपाळं म्हणजे साऱ्यांचा एकत्रित निकाल. आडवी रेघ जितकी लांब, तितकी त्या चाचणीची खात्री कमी. नाणं दहादा उडवून सात छापे पडले तर त्यात नवल नाही; हजारात सातशे पडले तर नाणंच खोटं. लहान चाचणीची रेघ लांबते आणि उभ्या रेघेला ओलांडते. इथल्या बहुतेक तशाच. एकेक चाचणी वाचणारा म्हणणार, ‘सिद्ध झालं नाही.’ (‘संशोधनाने सिद्ध’ म्हणत चूर्णं विकणारे कधी रेघेची लांबी सांगतात का?)

आता साती एकत्र करायच्या. सगळ्या बायका एका टोपलीत ओतायच्या नाहीत. प्रत्येक चाचणीतला फरक तिच्यातच मोजायचा, मग त्याला व्हेरिअन्सच्या (म्हणजे अनिश्चिततेच्या मापाच्या) व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं आणि भारित सरासरी काढायची. वजनांची बेरीज वाढते तसा सरासरीचा व्हेरिअन्स घटतो आणि शंकरपाळं आक्रसत उभ्या रेघेच्या पूर्ण डावीकडे येतं. पहिली चाचणी न्यूझीलंडमधली, १९७२ साली प्रसिद्ध झालेली. पद्धतशीर एकत्रित आढावा आला १९८९ मध्ये. तोवर हजारो बाळंतिणींना हे स्वस्त इंजेक्शन मिळालंच नाही.

वर्ग इथे खूश होतो, तेव्हाच नागपूर काढायचं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या चाचणीत नागपूर आणि बेळगावचा भाग होता. गावपातळीपर्यंत या इंजेक्शनाचा वापर वाढवला, तरी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सगळ्या बाळंतपणांचा हिशेब केला तर नवजात मृत्यू उलट वाढले. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस मोजून दिलं, तेव्हा मृत्यू घटले.

परीक्षेत माझा प्रश्न ठरलेला: उपकेंद्रात कळा घेऊन आलेल्या बाईचे दिवस कोणी मोजले, आणि कशावरून?